टोपल्यावरचा झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी खानदेशात दोन गोष्टींना कुणी नाही म्हणत नाही. गडीमाणसांच्या पत्त्यांना आणि माहेरी आलेल्या लेकींच्या झोक्याला. एरवी पोरगा पत्ते पिसताना दिसला तर बाप पायातली चप्पल काढेल, पण आखाजीला तोच बाप पोराशेजारी मांडी घालून बसतो आणि वर सण आहे म्हणतो. पत्त्यांचा हा कायदा सगळ्यांना सारखा. बायको असलेला, बायको मेलेला, बायको न मिळालेला, सगळे बसतात. झोक्याच्या कायद्याला मात्र फाटे आहेत, आणि त्यातला एक फाटा दिपमालाच्या वाट्याला आला होता.

दिपमालाचं माहेर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायाशी. घरासमोर निंबाचं झाड आणि दर आखाजीला त्या निंबाला झोका. झोक्याला दोर बाजारचा नाही. वडील मोट हाकायचे त्या काळातला जाडजूड नाडा तिची आई, बेबाबाई, वर्षभर माळ्यावर जपून ठेवायची आणि आखाजीच्या आधी काढून द्यायची. अख्ख्या गल्लीच्या लेकी त्यावर झोके घ्यायच्या. पहिला धक्का भावाचा, ही तिथली रीत. झोका चांगला उंच गेला की केळीच्या बागांवरून पलीकडे टोपल्या डोंगराचं डोकं दिसायचं. पालथी टोपली ठेवावी तसा डोंगर, म्हणून टोपल्या. तो दिसला की पोरी वरूनच ओरडायच्या.

गेल्या साली दिपमालाचा नवरा, पंडित, जाऊन पाच महिने झाले होते. धुळ्यात रिक्षा चालवायचा. हसरा माणूस, सिग्नलला थांबला तरी गाणं म्हणायचा. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात आटोपला. मूलबाळ नव्हतं. दिपमाला धुळ्यातच राहिली, ब्लाउज शिवून पोट भरू लागली आणि आखाजीला माहेरी आली. आली ती सवयीने सरळ निंबाकडे गेली आणि झोक्याच्या पाटलीवर, बसायच्या फळीवर, बसली. विधवेने झोक्यावर बसायचं नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आपण विधवा आहोत हेच पायांच्या लक्षात राहिलं नव्हतं. कुणी तोंड उघडायच्या आत बेबाबाई घरातून बाहेर आली, लेकीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "उतर."

दिपमाला उतरली. बेबाबाई स्वतः कितीतरी वर्षांची विधवा, नाडा काढून द्यायची पण झोक्याला बोटही लावायची नाही. सासूने मनगट धरलं असतं तर दिपमालाने दोन शिव्या घालून विसरून टाकलं असतं. आईने धरलं. ते वर्षभर तिच्या मनगटाला आठवत राहिलं.

म्हणून यंदा टोपल्यावर जाऊ म्हणत मोनालीचा फोन आला तेव्हा तिने पुढचं ऐकून न घेताच हो म्हटलं. मोनाली, रोहिणी, कस्तुरा आणि दिपमाला या गावच्या शाळेतल्या एका बाकावरच्या चौघी. मोनाली धुळ्यात शाळामास्तरीण, लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला उत्तरही दिलं नाही. सुट्टीत ती डोंगर चढणाऱ्या मंडळींबरोबर हिंडते. तिच्याकडे तंबू होते, पाठीवरच्या पिशव्या होत्या. रोहिणी वरणगावला दिलेली, नवरा फॅक्टरीत, घरात तिचाच आवाज मोठा. कस्तुरा टोपल्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यावरची, तिथून रोज चालत शाळेत यायची, आजही तिथेच राहते.

लहानपणी चौघींनी ठरवलं होतं की एकदा टोपल्याच्या डोक्यावर रात्र काढायची. गावातली पोरं दर उन्हाळ्यात जायची, कोंबडी भाजून खायची आणि महिनाभर फुशारक्या मारायची. पोरींनी विचारलं की घरचे सांगायचे, वर वाघ आहे. त्या वाघाला पोरांचं वावडं असावं, कारण त्याने आजवर एकाही पोराला हात लावलेला नाही.

यंदा आखाजीला सकाळी गेलेल्या वडिलांच्या नावाची घागर भरून झाली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवून बेबाबाईने हात जोडले. दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला. जेवणं आटोपून दिपमाला पाठीवर पिशवी टाकून बाहेर आली. ओट्यावर तिचा मोठा भाऊ, प्रेमराज, चौघांसोबत पत्ते घेऊन बसला होता.

"कोठे निघनी?" पानांवरची नजर न काढता त्याने विचारलं.

"टोपल्यावर. सकाळीच सांगेल व्हतं तुले."

"मी हा म्हनेल नही."

"मी इचारेलच नव्हतं, दादा. सांगेल व्हतं."

पत्त्यातला एक जण फिस्सकन हसला. तिथेच घोडं पेंड खातं. प्रेमराज मनाने वाईट नाही. पंडित गेला तेव्हा धुळ्याला आधी तोच पोचला होता आणि लहान मुलासारखा रडला होता. पण चार माणसांत कुणी हसलं की त्याला भाऊपणा आठवतो.

"पंडितराव जाईसन दोन वरीस नही व्हयनात," तो म्हणाला, "आन तू डोंगरवर तंबू ठोकीसन मजा करशी? गाव काय म्हनी?"

"गाव पत्ता खेळी ऱ्हायनं. गावले टाइम कोठे शे?"

आता तिघं हसले. प्रेमराजने हातातली पानं पालथी टाकली.

"मंग ऐक. आज तू डोंगर चढनी, ते पुढनी आखाजीले ह्या दारमा येवानं नही."

हसणं थांबलं. सासुरवाशिणीला आखाजीचं दार बंद करणं ही काही रागाच्या भरात बोलायची गोष्ट नव्हे. बाई वर्षभर काय काय गिळते ते त्या एका दाराच्या जोरावर. दिपमालाने दाराकडे पाहिलं. चौकटीत बेबाबाई उभी होती, हातात सांजोऱ्यांची दुरडी. तिने सगळं ऐकलं होतं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. लेकीकडे बघून तिने दुरडी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि घरात निघून गेली.

दिपमालाला गेल्या सालचं मनगट पुन्हा दुखलं. बरं तर, ती मनात म्हणाली, दोघांचंही ठरलेलं दिसतंय.

त्यापुढे तिने जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. ती निंबाखाली गेली. शेजारच्या चुडामणची पोरगी नुकतीच पाटलीवर बसली होती, तिला गोडीने उतरवलं. मग कुंपणाच्या भिंतीवर पाय देऊन खोडावर चढली, नवऱ्याघरची बाई या वयात चढते का असल्या प्रश्नाला वेळच न देता, आणि गाठी सोडून नाडा खाली टाकला. गल्ली आ वासून बघत राहिली.

"मना बापना नाडा शे," वरूनच तिने सांगितलं. "मले जागा नही, ते नाडाबी आठे ऱ्हावाव नही."

गल्लीतल्या पोरींनी काय घोडं मारलं होतं, हे तिला पुढे चढणीवर आठवलं आणि वाईटही वाटलं. पण मागे फिरावंसं काही वाटलं नाही.

मोनालीच्या गाडीतून तिघी पाड्यावर पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती, धग उतरली नव्हती. कस्तुरा अंगणातल्या खाटेवर पाय हलवत वाट बघत होती. तंबू बघून तिला हसू आवरेना.

"झोपाले डोंगरवर जातस? मनाकडे खाट शे ना!" मग तिचं लक्ष दिपमालाच्या खांद्यावरच्या नाड्याकडे गेलं. "आन हाई काय? विहीर खणानी शे का वर?"

दिपमालाने घडलेलं सांगितलं. कस्तुराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आमनामा नवरा मरना ते बाई दुसरा करस. तुमनामा झोकाबी करता येस नही?"

रोहिणी खदाखदा हसली. दिपमालालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

चढण सुरू झाली. वैशाखातला सातपुडा म्हणजे नागवा डोंगर. सागाला एक पान नाही, सगळी पानं वाटेवर, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. त्यातच एखादा अंजन कोवळ्या पालवीने लालसर हिरवा होऊन उभा, जणू त्याला उन्हाळ्याचं कुणी कळवलंच नाही. रोहिणी नव्या बुटांना आणि ते घेऊन देणाऱ्या नवऱ्याला आळीपाळीने शिव्या देत होती. मोनाली, श्वास नाकाने घ्या, पावलं लहान टाका, असं शिकवत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. कस्तुरा चपला हातात घेऊन पुढे चालली होती आणि वाटेतली चारोळीची फळं खात होती. दिपमाला सगळ्यांच्या मागे, घामाने निथळलेली, खांद्यावर नाडा. मोनालीने दोनदा विचारलं, दे थोडा वेळ माझ्याकडे. तिने दिला नाही.

माथ्यावर पोचल्या तशा चौघी कडेला जाऊन खाली बघू लागल्या. खाली सपाटीवर केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, त्यात त्यांचं गाव आणि गावाच्या कडेला निंबाचा ठिपका. लहानपणी जिथून इकडे बघायच्या ते ठिकाण आता इथून दिसत होतं. "केवढंसं शे वं," रोहिणी म्हणाली. दिपमालाला वाटलं, एवढ्याशा गावाला आपण इतकी वर्षं भ्यालो.

तंबू उभारायला मोनालीने शिकवलं आणि त्याचा तिरपा भोपळा तयार झाला. शेवटी कस्तुराने बाजूला दगड रचून वाऱ्याला आडोसा केला आणि त्यांनी तंबूला नुसतंच शोभेपुरतं ठेवलं. माथ्यावर एकच मोठा अंजन होता, आडवी फांदी बैलाच्या पाठीसारखी रुंद. कस्तुराने त्यावर नाडा चढवला, मोडक्या खुंटाची फळी पाटली म्हणून बांधली, आणि टोपल्यावर झोका हलू लागला. रोहिणीने घेतला, मोनालीने घेतला, कस्तुराने तर उभ्याने घेतला. गाणी झाली, सासरच्या नावाने आखाजीच्या रीतीच्या शिव्याही झाल्या, पोटभर.

"चाल दिपे, तुना नंबर."

दिपमाला पुढे गेली. तिने पाटलीला हात लावला आणि तिचं मनगट ताठ झालं. कुणी धरलेलं नव्हतं. इथे गल्ली नव्हती, प्रेमराज नव्हता, आई नव्हती. तरी तिला बसता येईना. अख्ख्या गावासमोर झाडावर चढणारी ही बाई, आणि तीन मैत्रिणींसमोर तिला एका फळीवर टेकवेना. तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिने अंजनाच्या खोडाला लाथ मारली आणि पायाचं बोट धरून खाली बसली.

"पंडित ऱ्हाता ना," ती रडत रडत म्हणाली, "ते हाई बठ्ठं सामान त्यानी उचली आनतं. गाणं म्हनत. आन मले खांदावर बसाडीसन झोकावर टाकी देतं."

रोहिणीने उगी उगी केलं नाही. शेजारी बसली, डबा उघडला आणि एक सांजोरी तिच्या हातात दिली. चौघींनी आधी रडून आणि मग पोट धरून हसून घेतलं, आणि चांदण्यांखाली कधीतरी झोपल्या.

सकाळी चहाला पाणी ठेवलं होतं तेवढ्यात खालून पाचोळा वाजला. रोहिणीला आधी वाटलं वाघच आला. आला प्रेमराज. घामेघूम, लालेलाल, एका हाताने बरगडी धरलेली. रात्री बसून पत्ते कुटणाऱ्या माणसाची डोंगरावर दुसरी काय गत होणार? त्याच्या मागून बेबाबाई येत होती. ती मात्र जन्मभर निंदणी-खुरपणी केलेली बाई, धाप नाही की काही नाही, लुगड्याचा ओचा खोचलेला आणि हातात बाभळीची काठी.

आईला त्याने का आणलं, हे दिपमालाला बघताक्षणी कळलं. गेल्या साली एका शब्दात जिने उतरवलं होतं, तिलाच हुकमाचं पान म्हणून आणलं होतं त्याने.

"गल्लीना पोरी रडी ऱ्हायन्यात," दम खाऊन प्रेमराज म्हणाला. "नाडा दे आन चाल घरले. काल जे बोलनू ते मी मांगे लेस. पन आतेच्या आते चाल."

घरी चल, नाडा आण, गप्प बस, की झालं सगळं पहिल्यासारखं. पहिल्यासारखं म्हणजे ओट्यावर बसून दुसऱ्यांचे झोके मोजायचे. दिपमालाने हातातला रिकामा पेला खाली ठेवला. तिचं मनगट पुन्हा ताठ होऊ लागलं होतं, आणि ते होतंय हे बघूनच तिचं डोकं सणकलं. ती उठली, झोक्याकडे गेली आणि विचार करायच्या आत पाटलीवर बसली.

फळी कुरकुरली. फांदीने भार घेतला. आणि काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, टोपल्या खचला नाही. दोन्ही हातांनी तिने नाडा धरला. बापाचे हात फिरून फिरून तो जागोजागी गुळगुळीत झालेला होता.

"आखाजीना पहिला धक्का भाऊना ऱ्हास," ती म्हणाली. "देस का? देवाना नही ते वाटमाईन सरक."

"दिपे, मी काय म्हनी ऱ्हायनू..."

"सरक!"

तिने पायाने जमीन रेटली. झोका मागे गेला आणि पुढे आला तो थेट प्रेमराजच्या छातीवर. त्याने मागे उडी मारली आणि सागाच्या पाचोळ्यात बसला. कस्तुरा फसकन हसली. दिपमाला हसली नाही. ती दात आवळून पाय रेटत होती, पुन्हा, आणखी जोरात. वारा तोंडावर येत होता, केस सुटले होते, खाली अख्खं खोरं पुढे-मागे होत होतं. तिच्या घशातून एक आवाज आला. तो रडण्याचा होता का ओरडण्याचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माय, तू सांग हिले!" पाचोळ्यातून उठत प्रेमराज ओरडला. "सांग ना!"

बेबाबाईने काठी अंजनाला टेकवून ठेवली. झोका खाली आला तसा तिने एका हाताने नाडा धरला आणि दुसऱ्या हाताने लेकीचं मनगट. झोका थांबला. तोच हात, तेच मनगट.

"उतर," बेबाबाई म्हणाली.

"नही उतरस मी, माय." दिपमालाचा आवाज चिरकला, पण शब्द अडखळला नाही. "गये साल उतरनू. आते नही. दार बंद करानं ते कर. दादाबी शे, तूबी ऱ्हाय. मी आठेच बसस."

"उतर म्हनी ऱ्हायनू ना! किती येळ बसशी? मना नंबर शे."

पातेल्यातला चहा उतू गेला आणि कुणीही तिकडे धावलं नाही.

"माय, तू?" प्रेमराजच्या तोंडून एवढंच निघालं.

"मी नही ते काय तू?" बेबाबाईने त्याच्याकडे मान वळवली. "तुना बाप गया तवय मले झोकावरथून कोनी उतारं नव्हतं. मीच बसनू नही. लोके बोलतीन त्याना पहिले आपणच बंद करेल बरं, असं वाटे. आन पोरलेबी मीच उतारं." ती दिपमालाकडे वळली. मनगटावरचा हात तिने काढला नव्हता, फक्त पकड सैल झाली होती. "तवयपासून हाऊ हात दुखस मना. वरीसभर दुखी ऱ्हायना."

"मंग काल काबर बोलनी नही?" दिपमालाने विचारलं. "दादा दार बंद करी ऱ्हायंता, आन तू पाठ फिराईसन घरमा चालनी गयी."

"चप्पल धुंडाले गयू व्हतू, येडी!" बेबाबाई चिडून म्हणाली. "डोंगर काय उघडा पायघाई चढतस? बाहेर उनू तवलोंग तुम्ही गाडीमा बसीसन चालना गयात. मंग सकाळे ह्याले म्हनं, चाल, मी येस, मी समजाडस तिले."

दिपमालाने खाली पाहिलं. आईच्या पायात प्रेमराजच्या जुन्या रबरी चपला होत्या, दोन बोटं मोठ्या, सुतळीने पायाला बांधलेल्या. ती झोक्यावरून उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. बेबाबाईने तिला थोडा वेळ रडू दिलं, मग कोपराने बाजूला सारलं, कारण तिचा नंबर होता.

ती पाटलीवर बसली. आधी नीट, मांडीवर पदर घेऊन, लग्नाला बसल्यासारखी. मग तिने दोन्ही हातांनी आपल्या नवऱ्याचा नाडा धरला, पाय सोडले आणि मान मागे वळवली.

"पऱ्या, देखी काय ऱ्हायना? दे धक्का."

प्रेमराजने मैत्रिणींकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. पळायला वाट होती, ती खाली गावाकडेच जात होती आणि तिथे आईला कुठे सोडलं म्हणून विचारलं असतं. त्याने हात विजारीला पुसले, पुढे झाला आणि आईच्या पाठीला हळूच, भीत भीत हात लावला. झोका हलला.

"अरे, पत्ता टाकी ऱ्हायना का? धक्का दे!"

त्याने धक्का दिला. मग आणखी एक. बेबाबाई वर गेली, खाली आली, आणखी वर गेली. डोक्यावरचा पदर मागे उडाला आणि तिने तो सावरला नाही. खाली दरीकडे बघून ती लहान पोरीसारखी ओरडली.

"माय," दिपमालाने खालून विचारलं, "आपलं घर दिसस का वं?"

"दिसस!"

"आन दार?"

"दार काय दिसी इतलं दूरथून?" बेबाबाई वरून म्हणाली. "पन मी उघडंच ठेईसन उनू. पऱ्या, जोरमा दे रे."